३३ पानी पत्र ते ‘मोबाईल किती दाखवता?’ : ऑटिझमकडे बघण्याचा इतिहास

पारिजात

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात रात्री ९ वाजता आमच्या सोसायटीतली एक तरुण आई दारात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा अडीच वर्षांचा. हाक मारली तर वळून बघत नाही, खेळण्यातली गाडी चालवत नाही, उलटी करून तिची चाकं फिरवत बसतो. दवाखान्यात तिला पहिला प्रश्न विचारला गेला, "मोबाईल किती दाखवता?" दुसरा, "तुम्ही नोकरी करता का?" त्यापुढचं काही आपल्याला ऐकूच आलं नाही, असं ती सांगत होती.

माझा मुलगा आता १९ वर्षांचा आहे. २००९ साली मलाही हेच दोन प्रश्न विचारले होते, फक्त मोबाईलच्या जागी टीव्ही होता. घरी आल्यावर मी टीव्हीवर चादर टाकली आणि केबल तोडून घेतली. तीन महिने घरात एक गाणं वाजलं नाही. जास्त स्क्रीन कुठल्याच लहान मुलाला चांगली नाही, हे मान्यच. पण ऑटिझम (मराठीत स्वमग्नता, म्हणजे मेंदूची जडणघडणच वेगळी असणं) त्यामुळे होत नाही, आणि आई नोकरी करते म्हणून तर नाहीच नाही. मग हा प्रश्न इतका पटकन तोंडावर येतो कुठून? ते शोधत गेले आणि जे सापडलं ते इथे मांडते आहे. लांबलंय, सांभाळून घ्या.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं एक छोटं गाव आहे. १९३३ साली तिथे डोनाल्ड ट्रिपलेटचा जन्म झाला. वडील बीमन वकील, आई मेरी बँक चालवणाऱ्या घरातली. एक वर्षाचा असताना हा मुलगा गाण्यांच्या चाली बिनचूक गुणगुणायचा, पण आई खोलीत आली काय किंवा गेली काय, त्याला फरक पडत नसे. भांडी, ठोकळे, झाकणं, जे हाताला लागेल ते भिंगरीसारखं फिरवायचा. तो ३ वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी सल्ला दिला, याला संस्थेत ठेवा. आईबापांनी ठेवला. भेटायला जायची परवानगी मोजकीच. वर्षभरानंतर मात्र ते त्याला घरी घेऊन आले. संस्थेचं म्हणणं पडलं, ‘आता त्याला हलवू नका’, तरीही आणला. त्या काळात हे करायला किती बळ लागलं असेल, याचा विचार करून बघा.

१९३८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे नेलं. त्याआधी बीमनसाहेबांनी आपल्या कचेरीत बसून मुलाचा सगळा वृत्तांत सांगितला आणि सेक्रेटरीकडून टाइप करून घेतला. तो ३३ पानांचा झाला. कधी बसला, काय खाल्लं, कुठलं गाणं कोणत्या वयात म्हणाला, कशाने रडला. कॅनर यांनी हे पत्र वाचलं, मुलाला पाहिलं, आणि पुढच्या ४-५ वर्षांत त्याच्यासारखी आणखी १० मुलं त्यांच्याकडे आली. १९४३ मध्ये या ११ मुलांवर त्यांनी जो लेख लिहिला, त्यातून आजचा ऑटिझम हा शब्द रुजला. ८ मुलगे, ३ मुली. पहिली केस ‘डोनाल्ड टी.’

त्या लेखातली एक गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. डोनाल्डला ‘हो’ म्हणणं जमत नव्हतं. वडिलांनी एकदा सांगितलं, ‘हो’ म्हणालास तर खांद्यावर घेईन. तो ‘हो’ म्हणाला. त्यानंतर कितीतरी दिवस ‘हो’ या शब्दाचा त्याच्या लेखी एकच अर्थ होता, मला खांद्यावर घ्या.

आमच्याकडे ‘संपलं’ या शब्दाचा अर्थ ‘मला भीती वाटते’ असा होता. केस कापताना तो रडू लागला की मी "संपलं, संपलं" म्हणायचे. तिथून तो शब्द भीतीला चिकटला. लिफ्टमध्ये, डेंटिस्टकडे, गणपतीच्या ढोलांपाशी, सगळीकडे "संपलं!" आणि लोक म्हणायचे, अरे आत्ताच तर सुरू झालं! मराठीतली आणखी एक गंमत इथल्या आयांना कळेल. माझा मुलगा ६ वर्षांचा होईपर्यंत "मी जेवते", "मी येते" म्हणायचा. माझं वाक्य जसंच्या तसं उचललेलं. डोनाल्डही ‘मला हवं’ म्हणायच्या जागी ‘तुला हवं’ म्हणायचा. इंग्रजीत ‘मी’ आणि ‘तू’ची अदलाबदल दिसते. आपल्याकडे वाक्य कोणाचं उचललंय ते क्रियापदही सांगून टाकतं.

आता दुखरी बाजू. त्याच १९४३ च्या लेखात कॅनर यांनी दोन गोष्टी लिहिल्या. एक, ही मुलं जन्मतःच अशी आहेत. दुसरी, शेवटाकडे सहज केल्यासारखी नोंद, या मुलांच्या आईवडिलांत खरोखर मायाळू माणसं फार थोडी दिसली. जे आईबाप ३३ पानं लिहून देतात ते ‘मायाळू’ नाहीत! तेवढ्या बारकाईने मुलाकडे बघणं हाच पुढे त्यांचा थंडपणा ठरला. पहिली गोष्ट मागे पडली आणि दुसरी वाढत गेली. १९४९ मध्ये कॅनर यांनीच लिहिलं की ही मुलं जणू कधीच न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये नीट ठेवून दिलेली असतात. तिथून ‘फ्रिजसारखी आई’ हा शब्दप्रयोग सुरू झाला.

त्यावर कळस चढवला शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी. हे गृहस्थ स्वतः नाझींच्या छळछावणीतून वाचून आलेले. १९६७ च्या पुस्तकात त्यांनी ऑटिस्टिक मुलाच्या घराची तुलना छळछावणीशी केली, आणि मूळ कारण सांगितलं, हे मूल नसतं तर बरं, ही आईबापांची इच्छा. उपाय काय, तर मुलाला आईपासून तोडून संस्थेत ठेवा. पुस्तक खूप खपलं. किती आयांनी ते वाचून काय सोसलं असेल!

आईला दोष देणं मोडून काढायला त्याआधीच एक बाप उभा राहिला होता. बर्नार्ड रिमलँड, अमेरिकन नौदलातले मानसशास्त्रज्ञ. मुलगा मार्क ऑटिस्टिक. त्यांनी त्या काळी उपलब्ध होतं ते सगळं वाचून काढलं आणि १९६४ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं की आईच्या वागणुकीला दोष देण्यासाठी पुरावा म्हणून काहीही नाही, ही मेंदूच्या जडणघडणीतली गोष्ट आहे. प्रस्तावना कोणाची? कॅनर यांची. १९६९ मध्ये पालकांच्या संमेलनात उभं राहून कॅनर यांनी पालकांना दोषमुक्त केल्याचं जाहीर सांगितलं. १९७७ मध्ये सुसान फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोघंही ऑटिस्टिक, आणि वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही नाही. अभ्यास लहान होता, पण आनुवंशिकतेकडे बोट दाखवणारा तो पहिला ठोस पुरावा.

म्हणजे आईवरचा आळ विज्ञानाने पन्नासएक वर्षांपूर्वी काढून घेतला. तरी परवा तो आमच्या सोसायटीतल्या मुलीच्या माथी मारला गेला. तुमच्या घरात, तुमच्या काळात याकडे कसं पाहिलं गेलं? लिहा, प्लीज.

लांबचा_मुसाफिर

पारिजात, लेख दोनदा वाचला. आम्ही न्यू जर्सीत असतो, धाकटी मुलगी ऑटिस्टिक आहे.

डोनाल्डचं पुढे काय झालं ते लिहायचं राहिलं, म्हणून भर घालतो. मला त्याची पुढची गोष्ट पहिल्या गोष्टीहून महत्त्वाची वाटते. मधली काही वर्षं तो गावाजवळ एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजायचा नाद होता, तर त्यांनी त्याला विहीर मोजायला लावली, मक्याच्या रांगा मोजत मोजत तो नांगर धरायला शिकला. नाद मोडला नाही, कामाला जुंपला. पुढे कॉलेज केलं, पदवी घेतली, गावच्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवायला शिकला, रोज गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरून आला. २०२३ च्या जूनमध्ये ८९ व्या वर्षी वारला. गावाने त्याला कायम आपला मानला.

शाळेतली त्याची एक दंतकथा होती. मुलांनी विचारलं, या इमारतीच्या दर्शनी भिंतीत विटा किती? त्याने क्षणात आकडा सांगितला आणि मुलं थक्क झाली. म्हातारपणी दोन पत्रकारांनी त्याला विचारलं, तेव्हा त्याने कबूल केलं की आकडा असाच ठोकून दिला होता. का? तर त्या मुलांचं आपल्याविषयी चांगलं मत व्हावं म्हणून.

ज्या मुलाला इतरांची जाणीवच नाही असं लिहून ठेवलं, त्याच्या मनात हे होतं. माझ्या मुलीला वाढदिवसाचं एकही बोलावणं येत नाही. तिला काही वाटत नसेल असं लोक गृहीत धरतात. म्हणून ही गोष्ट मी फोनमध्ये लिहून ठेवली आहे.

शब्दवेडा

उत्तम धागा. एक शब्दाची शंका. आपण मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतो. हा शब्द कितपत योग्य?

‘ऑटिझम’ हा शब्द कॅनर यांचा नव्हे. झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉयलर यांनी तो १९१०-११ च्या सुमारास घडवला, ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ यावरून. त्यांना सांगायचं होतं ते स्किझोफ्रेनियातलं एक लक्षण, बाहेरच्या जगाकडे पाठ करून आपल्या कल्पनांच्या जगात राहणं. कॅनर यांनी शब्द उसना घेतला आणि मुलांना लावला, पण ही मुलं तशी नव्हती. जगाकडे पाठ करायला आधी तोंड केलेलं असावं लागतं. तरीही कित्येक वर्षं ऑटिझमला ‘बालपणीचा स्किझोफ्रेनिया’ म्हणत राहिले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत तो स्वतंत्र झाला तो थेट १९८० साली.

आपल्या ‘स्वमग्न’मध्ये ब्लॉयलर यांचा तो जुना अर्थच येऊन बसलाय असं मला वाटतं. ‘मग्न’ छान आहे, कार्यमग्न, ध्यानमग्न. खटकतो तो ‘स्व’.

रातराणी

शब्दवेडा यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी स्वतः ऑटिस्टिक आहे. वय ४३, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सहसा नुसती वाचते, आज लिहिते आहे.

मी स्वतःत मग्न नसते हो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये तुम्ही सगळे बोलत असता तेव्हा मला छतावरच्या ट्यूबलाइटची गुणगुण, एसीच्या नळीतून टपटपणारं पाणी, शेजारच्याच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास, हे सगळं एकाच जोराने येत असतं. त्यातून तुमचा आवाज निवडून काढायचा असतो. संध्याकाळपर्यंत मी पिळून निघालेली असते. याला ‘स्व’ मध्ये मग्न म्हणायचं?

लहानपणी मला शिष्ट म्हणायचे. मग भित्री. मग ‘हुशार आहे पण व्यवहारज्ञान शून्य’. ऑटिझमचा संशय कोणालाच आला नाही, कारण तो मुलग्यांना होतो हे सगळ्यांना पाठ. कॅनरच्या ११ मुलांत ३ मुली तरी होत्या. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४ च्या निबंधात ज्यांचं सविस्तर वर्णन केलं ते चारही मुलगेच. पुढे लंडनच्या डॉ. लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये त्यांचं काम इंग्रजीत ओळखीचं करून दिलं आणि ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं. लॉर्नाबाईंची मुलगी सूझी ऑटिस्टिक होती. एकतर आहे किंवा नाही असं न मानता त्यांनी त्याचा पट मांडला, एका टोकाला न बोलणारं मूल आणि दुसऱ्या टोकाला माझ्यासारखी, मध्ये रेघ नाही. आज आपण ‘स्पेक्ट्रम’ म्हणतो तो त्यांच्यामुळे.

२०११ मध्ये, परदेशात कामाला असताना मला निदान मिळालं, ‘अ‍ॅस्पर्गर’. त्या दिवशी मी रडले, पण सुटल्यासारखं रडले. तो शब्द मी बिल्ल्यासारखा मिरवला. २०१३ च्या निदान-पुस्तिकेत तो वेगळा राहिला नाही, सगळं एकाच स्पेक्ट्रममध्ये गेलं. ते पटलं. पण २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकाराने व्हिएन्नाची जुनी कागदपत्रं तपासून जे छापलं, ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. हुशार, उपयोगी ठरतील अशा मुलांची अ‍ॅस्पर्गर यांनी बाजू घेतली हे खरं, पण ज्यांच्याबद्दल आशा नाही असं वाटलं त्यांतली काही मुलं त्यांनी ‘आम श्पीगेलग्रुंट’ला, म्हणजे अपंग मुलांना मारून टाकणाऱ्या व्हिएन्नातल्या संस्थेत, पाठवली. नाझी राजवटीत तिथे ७८९ मुलं मेली. हेर्टा नावाची जेमतेम ३ वर्षांची मुलगी १९४१ मध्ये त्यांच्या सहीने तिथे गेली आणि दोन महिन्यांत संपली.

तेव्हापासून मी ते नाव लावत नाही. ‘हाय फंक्शनिंग’ (म्हणजे ज्याचं बऱ्यापैकी निभतं असा ऑटिस्टिक) हा शब्दही नको वाटतो. कामाचा कोण आणि बिनकामाचा कोण, अशी वाटणी त्या माणसाने केली होती. मला तिच्यातली बरी बाजू नको.

पारिजात

रातराणी, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. माझ्या लेखात डॉक्टर आले, आईबाप आले आणि ऑटिस्टिक माणूस फक्त ‘केस’ म्हणून आला. हे तुमचं वाचल्यावर लक्षात आलं. मला ते आधीच दिसायला हवं होतं.

रातराणी

अहो, इतिहासातही तसंच आहे. जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने १९९३ मध्ये पालकांना उद्देशून ‘आमच्यासाठी शोक करू नका’ असं लिहिलं, तोवर ऑटिस्टिक लोकांनी पालकांशी असं समोरासमोर बोललेलं फारसं ऐकू आलं नव्हतं. १९४३ पासून मोजा, ५० वर्षं. तुम्ही एका दिवसात ऐकलंत.

टिपकागद

इतिहासाचा धागा आहे म्हणून नावाच्या आधीच्या काळाबद्दल लिहितो.

१७४७ साली एडिनबरोच्या न्यायालयात एक खटला चालला. ह्यू ब्लेअर नावाचा स्कॉटिश जमीनदार, वय चाळिशीच्या आसपास. आईने त्याचं लग्न लावून दिलं होतं. धाकट्या भावाने दावा लावला की याला लग्नाचा अर्थच कळत नाही, सबब लग्न रद्द करा. (मालमत्तेचा प्रश्न होता, आपल्याकडच्यासारखाच.) साक्षीदारांनी सांगितलं ते असं: विचारलेला प्रश्नच परत म्हणतो, चर्चमध्ये ठरलेली जागा सोडत नाही, पिसं नि काड्या गोळा करतो, ओळख असो नसो अंत्ययात्रांना हजर राहतो. न्यायालयाने प्रश्न लिहून दिले तर त्याने उत्तर म्हणून तेच प्रश्न उतरवून काढले. लग्न रद्द झालं. २००० साली रॅब ह्यूस्टन हे इतिहासकार आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञ या दोघांनी हे सगळे कागद वाचून सांगितलं की हे वर्णन आजच्या ऑटिझमशी जुळतं.

दुसरा, फ्रान्सच्या अ‍ॅव्हेरॉनमध्ये १८०० साली जंगलातून आलेला व्हिक्टर, १२ एक वर्षांचा. तो ऑटिस्टिक होता की टाकून दिल्यामुळे तसा झाला, यावर वाद आहे. डॉ. इटार त्याला शिकवत होते. त्याला ‘दूध’ हा शब्द म्हणता येऊ लागला, पण दूध समोर आल्यावर म्हणायचा, मागण्यासाठी नाही, म्हणून इटार निराश झाले. पाचेक वर्षांनी त्यांनी नाद सोडला. पण घर सांभाळणाऱ्या मादाम गेराँ यांनी त्याला १८२८ मध्ये तो मरेपर्यंत सांभाळलं. डॉक्टरांचा अहवाल जगभर वाचला गेला. त्या बाईंनी काय पाहिलं ते कोणी लिहून घेतलं नाही.

आणि हो, १९४३ च्याही आधी मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा नावाच्या डॉक्टरांनी १९२५ मध्ये अशाच ६ मुलग्यांचं वर्णन छापलं होतं. आजच्या निकषांशी थक्क व्हावं इतकं जुळणारं. १९२६ मध्ये ते जर्मनमध्येही आलं. इंग्रजीत यायला मात्र १९९६ उजाडलं.

अवांतर: आपल्या पुराणातला जडभरत आठवला. कोणाशी बोलत नाही, सांगितलेलं काम तंद्रीत करतो, लोक मूर्ख समजतात.

खडूफळा

टिपकागद, जडभरताला स्पेक्ट्रमवर बसवायला नको असं वाटतं, तो ज्ञानी असून मुद्दाम गप्प होता अशी कथा आहे. पण ‘अगदी जडभरत आहे’ असं न बोलणाऱ्या मुलांना म्हणायची आपल्याकडे रीत होती, हे मात्र खरं.

मी २६ वर्षं विशेष शिक्षिका आहे, आधी नाशिक, आता ठाणे. आपल्याकडच्या कायद्याचा इतिहास लिहिते, कारण तो मी हाताने फायली भरून पाहिलाय. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ७ प्रकारची अपंगत्वं होती. त्यात ऑटिझम नव्हता. मग पालकांनी काय करायचं? सवलत हवी तर ‘मतिमंद’ असा दाखला घ्यायचा. माझ्या वर्गात एक मुलगा होता, सातवीत, पंचांग तोंडपाठ, कुठलीही तारीख सांगा, वार सांगायचा. त्याच्या वडिलांनी दाखल्यावरचा तो शब्द वाचला आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मग परत सुलटा केला आणि घेऊन गेले. दुसरा रस्ता नव्हता.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पहिल्यांदा ऑटिझम नावानिशी आला. त्यातली व्याख्या मला फार आवडते, ‘कौशल्यांची असमान वाढ’ अशा अर्थाची. आई काय करते, घरात काय चालतं, याचा उल्लेखही नाही. पुढे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी तयार केली, ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम नाही, वर आले तर सौम्य, मध्यम, तीव्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार झाले आणि ऑटिझमला स्वतःचा दाखला मिळाला. पारिजात, तुमच्या शेजारणीला सांगा, निदान झालं की दाखला आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचं (वर्षाला १ लाखापर्यंत) लगेच बघा. वय १८ झाल्यावर पालकत्वाचा कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून घ्यावा लागतो. तुमचा मुलगा १९ चा आहे म्हणालात, केलंय ना?

पारिजात

खडूफळाताई, अर्ज दिलाय, सुनावणी व्हायची आहे. आठवण केलीत, आभार.

कुतूहल

माफ करा, कदाचित चुकीचा प्रश्न असेल. लहान मुलांच्या गोवराच्या लशीमुळे होतो असं आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरत असतं. माझी मुलगी ११ महिन्यांची आहे. खरंच भीती वाटते.

स्टेथो

चुकीचा अजिबात नाही, विचारलंत ते बरं केलंत. मी बालरोगतज्ज्ञ आहे.

ही भीती १९९८ मध्ये लंडनहून सुरू झाली. अँड्र्यू वेकफील्ड यांनी लॅन्सेट या नियतकालिकात १२ मुलांवर एक लेख छापला. नंतर उघड झालं की मुलांची माहिती फिरवलेली होती, आणि लस कंपन्यांवर दावा करणाऱ्या वकिलाकडून त्यांना पैसे मिळाले होते. २०१० मध्ये लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी त्यांचा वैद्यकीय परवाना गेला. डेन्मार्कमध्ये ६ लाख ५७ हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये आला, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण सारखंच. ऑटिझमची चिन्हं साधारण त्याच वयात दिसू लागतात ज्या वयात लस असते, म्हणून आईबापांना दोन्हीचा संबंध वाटतो. तो वाटणं मी समजू शकतो. लस चुकवू नका, गोवराने मुलं दगावतात.

आणि पारिजात, आमच्या पेशातल्यांनी तुमच्या शेजारणीला जे विचारलं, त्याबद्दल मला वाईट वाटतं. मोबाईलचा प्रश्न मीही विचारतो. पण पहिला विचारत नाही. पहिला प्रश्न, तुम्हाला काय दिसलं ते सांगा.

कृष्णाकाठ

पारिजात, तुला एकेरीच म्हणते, मी ८० ची आहे. नातीने टंकायला शिकवलं आहे, चुका दिसतील.

माझा मुलगा १९७१ चा. कराडला आम्ही. मी हायस्कूलात मराठी शिकवायचे. ४ वर्षांचा झाला तरी बोलेना. लोक म्हणायचे, याचे काकाही उशिराच बोलले, जेजुरीला जाऊन या, घंटेतलं पाणी पाजा. सगळं केलं. १९७५ मध्ये त्याला घेऊन मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इंग्रजी पुस्तक काढून दाखवलं आणि म्हणाले, मुलाला आईची ऊब मिळालेली नाही. परतीच्या गाडीत हे एक शब्द बोलले नाहीत. १९७६ च्या एप्रिलात मी राजीनामा दिला.

घरात माझ्या बाजूने एकच माणूस उभं राहिलं, माझ्या सासूबाई. चौथीसुद्धा न शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "चुलीपुढं मांडीवर घेऊन भाकऱ्या थापल्यास की त्याला. ऊब मिळाली नाही म्हंजे काय?"

आज तुझ्या लेखात वाचलं की त्या कॅनर डॉक्टरांनी १९६९ मध्येच आईबापांना निर्दोष म्हटलं होतं. मला दोषी ठरवलं १९७५ मध्ये. सहा वर्षं झाली होती गं. सहा वर्षांत एक कागद इकडे पोहोचू नये? दुपारपासून मी तेवढंच मोजते आहे. नातीला सांगितलं तर ती म्हणाली, आजी, नोकरी सोडलीस ती परत मागता येईल का? वेडी पोर.

ऑटिझम हे नाव त्याला २००९ मध्ये मिळालं, त्याच्या ३८ व्या वर्षी. आता ५४ चा आहे. स्टँडवर कुठली एसटी किती वाजता लागते, कुठल्या फलाटावर, सगळं पाठ. कंडक्टर मंडळी त्याला ओळखतात, वेळापत्रक बदललं की येऊन सांगतात. शिंगल वाजवून दाखवतात.

तू ३३ पानी पत्राचं लिहिलंस म्हणून सांगते. नोकरी सोडल्यावर मीही लिहीत होते, शाळेच्या उरलेल्या वह्यांमध्ये. कोणी मागितलं नव्हतं. ट्रंकेत आहेत सात वह्या.

पारिजात

काकू, मला पुढे काही सुचत नाहीये. त्या वह्यांतलं एखादं पान इथे लिहाल का? आम्हाला वाचायचं आहे.

रातराणी

काकू, मलाही. प्लीज.

कृष्णाकाठ

ही चौथी वही. जसं आहे तसं उतरवते.

"८ ऑगस्ट १९७७. सोमवार. पाऊस. दुपारी दूध उतू गेलं. मी पुढच्या खोलीत होते. आतून आवाज आला, ‘अगं बाई, दूध गेलं गं!’ अगदी माझा आवाज. मला वाटलं मीच बोलले की काय. धावत गेले. तो चुलीपाशी उभा. दुधाकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता, मी येते का ते. मी त्याला म्हटलं, शाब्बास, मला हाक मारलीस. तो म्हणाला, ‘मारलीस.’ सासूबाई म्हणाल्या, लिही हे. लिहिलं."

बाकीचं उद्या. सहा वाजलेत, त्याची सव्वासहाची कोल्हापूर गाडी बघायला जायचं आहे. उशीर त्याला चालत नाही.